बाहेर पडल्याची नोंद नाही

कोणाला कुठं शिरू द्यायचं आणि कोणाला दारातच अडवायचं, हे संगणकात लिहून ठेवणं हा इलियासचा धंदा. दाराशेजारी बोट ठेवायचं मशिन बसवायचं, संगणकावर नावांची यादी करायची, प्रत्येक नावापुढं परवानग्या द्यायच्या. साहेबाला सगळी दारं, कारकुनाला दोन, झाडणारीला एक. शहागंजातल्या त्याच्या गल्लीत लोक गमतीनं त्याला 'दरबान' म्हणायचे आणि तोही हसायचा. पण पैठण रस्त्यावरच्या त्या बियाण्यांच्या कंपनीचं नाव निघालं की चार वर्षं त्याला काही ना काही आडवं येत होतं. कधी पोटात दुखायचं, कधी गाडी बिघडायची.

यंदाच्या मे महिन्यात मात्र निमित्त उरलं नाही. कंपनीनं यादी नव्यानं करायला काढली होती. सोडून गेलेली, वारलेली माणसं वगळायची, उरलेल्यांना परवानग्या द्यायच्या. काम अर्ध्या दिवसाचं, आणि पाठवायला तो नोकरीला होता त्या ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. शनिवारी अकराच्या उन्हात इलियास गेटातून आत शिरला.

"या इलियासभाई! लई वर्सांनी. विसरलेच जणू आमाला," गोदामाचे प्रमुख काकासाहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची दिली, संगणक उघडून दिला आणि मागं वळून हाक मारली, "भागूबाई, पानी आण गं साहेबांना."

पस्तिशीतली एक बाई तांब्या-पेला घेऊन आली. काकासाहेब सहज म्हणाले, "ही दगडाबाईची पोरगी. आईच्या जागी घेतली तिला."

इलियासनं पेला तसाच खाली ठेवला.

"तुमीच का ते मशिनवाले दादा?" भागूबाईचा चेहरा उजळला. "आई लई नाव काढायची तुमचं. म्हनायची, त्या लेकरानं माझं बोट घेतलं. दुसरा असता तं हाकलून देला असता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ना, तसं इलियासला झालं. पण धरणी अशी वेळेवर कधी दुभंगत नाही. तो "हो हो" म्हणाला आणि पडद्याकडं तोंड करून बसला.

एक वाजता शनिवारचा अर्धा दिवस संपला. बायका डबे उचलून रिक्षात बसून गेल्या. काकासाहेबही जेवायला घरी निघाले. "तासाभरात येतो. काय लागलं तं भागूबाई हाय," म्हणाले. गोदाम एकदम शांत झालं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत शीतखोलीची घरघर तेवढी चालू होती. बियाण्याला चोळलेल्या औषधाचा उग्र, जिभेवर बसणारा वास सगळीकडं होता. इलियास एकेक नाव काढत खाली खाली येत होता आणि अडतिसाव्या नावाशी थांबला. दगडाबाई. नावापुढं हिरवी खूण. नोंदणी पूर्ण.

ती हिरवी खूण खोटी होती, आणि हे जगात एकट्या इलियासला माहीत होतं.

त्याचं असं झालं होतं. चार वर्षांपूर्वी एकाच दिवसात चौसष्ट जणांची बोटं नोंदवायची होती, कारण दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार होते. त्रेसष्ट झाली. शेवटची दगडाबाई राहिली. साठीची बाई, जन्मभर कापूस वेचलेली, सरकी चोळलेली. बोटांवरच्या रेषा झिजून पार गुळगुळीत झालेल्या. उजव्या अंगठ्यावर तेवढा विळ्याचा एक तिरपा, जुना वण. इलियासनं तिची बोटं पुसली, ओली केली, पुन्हा पुसली. मशिन आपलं दर वेळी त्याच गोड आवाजात, "कृपया दोबारा प्रयास करें." म्हातारी ओशाळून गेली. "माझंच कामून घेईना रं बाबा? मी तं जित्ती हाये."

अशा माणसाला कार्ड द्यायचं असतं. पण कार्डाला अर्ज, साहेबाची सही, आठ दिवसांची वाट. पाच वाजत आले होते. इलियासनं दगडाबाईच्या नावावर तीनदा आपली स्वतःची करंगळी टेकवली आणि म्हणाला, "झालं मावशी." एवढ्यावर न थांबता तिची खात्री पटावी म्हणून तो तिला शीतखोलीच्या दाराशी घेऊन गेला. तिच्या हाताआडून करंगळी पुढं केली. मशिन "धन्यवाद" म्हणालं, दार उघडलं. म्हातारीनं दोन्ही हात त्याच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "लई गुणाचं लेकरू."

कार्ड तो पुढच्या आठवड्यात देणार होता. आपल्याकडं पुढचा आठवडा फार लांब असतो. बायका घोळक्यानं आत-बाहेर करायच्या. एकीनं बोट ठेवलं की दहा जणी शिरायच्या, त्यामुळं कोणाच्या काही लक्षातही आलं नाही. त्यात बियाणं चोरीला जातं म्हणून साहेबांनी शीतखोलीची आतली मूठ काढायला लावली. बाहेर पडतानाही बोट ठेवायचं. संगणकात तशी खूण इलियासनंच केली.

आणि मग मे महिन्यातल्या एका शनिवारी, बाहेर त्रेचाळीस अंश ऊन असताना, दगडाबाई त्या चार अंशांच्या खोलीत एकटी मागं राहिली. जरा गार वाटावं म्हणून पोत्यांच्या आड बसली असेल. बाकीच्या निघून गेल्या. ती तशीच परस्पर बहिणीकडं देवगाव रंगारीला जाणार होती, म्हणून घरच्यांनी शोधलं नाही. वीज गेली की ते दार आपोआप सुटतं. एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज त्या दोन दिवसांत एकदाही गेली नाही. सोमवारी सकाळी दार उघडलं, तेव्हा ती आतल्या मशिनखाली बसलेली होती. उजवा हात वर, भिंतीला टेकलेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "बाईचं बोट नोंदवलेलं होतं ना?"

इलियासनं पडद्यावरची हिरवी खूण दाखवली. "होतं साहेब. गारठलेलं बोट मशिनला ओळखू येत नाही कधी कधी. नाहीतर नीट ठेवता आलं नसेल."

झालं. गोदामात, वस्तीत, मयतीच्या गर्दीत तेच बोललं गेलं. अडाणी बाई, साधं बोट ठेवता येईना.

इलियासनं कपाळावरचा घाम पुसला. भागूबाईला सांगावं का? चार वर्षं हाच एक प्रश्न त्याच्या उशाशी बसलेला होता. आज ती हाकेच्या अंतरावर होती, आणि त्यानं काय केलं, तर दगडाबाईचं नाव यादीतून काढण्याची कळ दाबली. नाव गेलं की करंगळीही जाईल. मग सांगायला काही उरणारच नाही.

पडद्यावर चौकट आली. ही व्यक्ती आत आहे. बाहेर पडल्याची नोंद नाही. नाव काढता येणार नाही.

तो चरकला, मग त्याला आठवलं. खात्री पटवायला त्यानं करंगळी ठेवली होती ती आत जायच्या मशिनवर. बाहेर पडायच्या मशिनवर तिच्या नावानं कधी काही टेकलंच नव्हतं. हिशेब सरळ होता, भ्यायचं काही कारण नव्हतं.

इतक्यात नोंदींच्या रकान्यात एक ओळ उमटली. एक वाजून चाळीस मिनिटं. शीतखोली, आतलं मशिन. बोट जुळत नाही.

तिच्याखाली दुसरी ओळ आली. मग तिसरी. आणि भिंतीपलीकडून, घरघरीच्या आडून, तो गोड आवाज अगदी हळू ऐकू आला, "कृपया दोबारा प्रयास करें…"

इलियास उठला. फोन टेबलावरच राहिला. बोळ ओलांडून तो शीतखोलीकडं गेला, तर दाराशी भागूबाई पोतं अंथरून बसलेली. कान दाराला लावून.

"भिऊ नका दादा," ती हळूच म्हणाली. "दर शनवारी बोलतं. काकासाहेब म्हन्तेत मशिन बिघडलंय. पन मला ठावं हाय, आई हाय ती."

"तुम्ही… इथं काय करता?"

"सांगते तिला." भागूबाईनं दाराकडं तोंड केलं आणि लहान लेकराला शिकवावं तशा आवाजात म्हणाली, "आई, नीट ठेव गं… दाबून ठेव… घाई करू नको…" मग त्याच्याकडं वळून, जरा लाजून, "तिला जमत नव्हतं ना. लोक हसत्यात. येक डाव जमलं तं सुटंल बिचारी."

इलियासला तिथं उभं राहवेना. चार वर्षं ही बाई दर शनिवारी इथं बसून मेलेल्या आईला बोट ठेवायला शिकवत होती, आणि ते त्यानं तिच्यावर लादलं होतं. आतल्या मशिनवर करंगळी टेकवली की दगडाबाई बाहेर पडल्याची नोंद होईल, आवाज थांबेल, तोंडही उघडावं लागणार नाही. तेवढ्यात सुद्धा त्याच्या मनानं पळवाट काढली बघा. त्यानं बाहेरच्या मशिनवर आपलं नेहमीचं बोट ठेवलं. स्वतःच्या नावानं दार उघडलं. तो आत गेला आणि दार मागं लागलं.

गारठा अंगाला डसला. पोत्यांच्या उंच थप्प्या, एक मिणमिणता दिवा आणि तोच औषधाचा वास. मशिनची काच धुरकटली होती. काचेवर खालपासून वरपर्यंत बोटं टेकल्याचे गोल गोल डाग होते. त्यांत एकही रेष नव्हती.

त्यानं करंगळी टेकवली.

"कृपया दोबारा प्रयास करें."

त्यानं ती पुसली, पुन्हा टेकवली. नाही. अंगठा, तर्जनी, दुसरा हात. नाही. ज्या बोटानं आताच दार उघडलं होतं, तेही नाही. त्याच्या पाठीमागं, थप्प्यांच्या आड, कोणीतरी हळूहळू एकेक बोट मोडत होतं. कट्… कट्…

"भागूबाई! दार… दार उघडा!"

"माझं बोट नाय चालत वो हितं. मेन बटनाला बी कुलूप हाय. काकासाहेब फोन उचलंनात," बाहेरून ती घाबरून म्हणाली. आणि मग धीर देत, "दादा, नीट ठेवा… दाबून ठेवा…"

तेच शब्द. इलियास गुडघ्यांवर बसला. दगडाबाई बसली होती तिथंच, तसाच.

"भागूबाई," तो दाराला तोंड लावून ओरडला, "मावशीचं बोट मशिनमध्ये नव्हतंच! कधीच नव्हतं! ती माझी करंगळी होती. मला घाई होती म्हणून… आणि चौकशीत मी खोटं बोललो. तिची काही चूक नव्हती. तिनं नीटच ठेवलं असेल, शंभरदा नीट ठेवलं असेल. माझी चूक… माझी…"

बाहेर काही हललं नाही. आत बोटं मोडायचंही थांबलं. मग त्याच्या दोन्ही कानशिलांना बर्फासारखं काहीतरी टेकलं आणि अगदी कानाशी दहाही बोटं कडाकडा मोडली.

"धन्यवाद," मशिन म्हणालं आणि दार उघडलं.

भागूबाई समोर उभी होती. ती त्याच्याकडं बघतच नव्हती. त्याच्या बाजूनं कोणी गेल्यासारखी तिची नजर बोळातून गेटापर्यंत गेली आणि तिथल्या उन्हात थांबली. तिकडंच बघत ती म्हणाली, "चार वर्सं मी तिलाच बोलत बसले. नीट ठेव म्हनून." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "काकासाहेब येऊ द्या. त्यांच्याम्होरं आसंच बोला. समद्या बाया आल्यावर सोमवारी पुन्यांदा बोला."

इलियास बोलला. त्या दिवशी बोलला, सोमवारी गोदामातल्या सगळ्यांपुढं बोलला, कागदावर लिहून सही करून दिली. नोकरी गेली ती गेलीच. गल्लीत आता कोणी दरबान म्हणत नाही. शरम काही गेली नाही. ती लपवून ठेवायचं ओझं तेवढं उतरलं.

पण एक गोष्ट त्यानं कोणालाच सांगितली नाही. त्या शनिवारी काकासाहेबांची वाट बघताना त्यानं पडद्याकडं बघितलं होतं. एक वाजून अठ्ठावन्न मिनिटं. दगडाबाई, बाहेर. उजवा अंगठा. त्यानं ठशाचं चित्र उघडलं. कोरा, गुळगुळीत गोल, त्यावर एकच तिरपा वण. तिचं नाव आता मुकाट्यानं निघालं. मग खालच्या कोपऱ्यात त्याची नजर गेली. आत असलेल्या व्यक्ती, एक. इलियास. बाहेर पडल्याची नोंद नाही.

तो आत गेला होता स्वतःच्या नावानं, आणि दार उघडलं होतं तिच्या नावानं. नोंद दुरुस्त करायला त्याचं बोट लागणार होतं. त्यानं दहाही बोटं ठेवून बघितली. मग खिडकीच्या उजेडात हात धरला, बोटांची गुळगुळीत टोकं बघितली आणि पटकन मूठ मिटून घेतली.

पुढच्या शनिवारी तो घरी होता. पंखा गरम हवा फेकत होता, तरी त्याच्या बोटांची टोकं गार पडली होती. पावणेदोनच्या सुमाराला भागूबाईचा फोन आला.

"दादा, तुमी कुठं हाय?"

"घरी. का?"

तिच्या मागं, लांबून, तो गोड आवाज येत होता. "कृपया दोबारा प्रयास करें…"

"आई तं गेली वो," भागूबाई म्हणाली. "मला वाटलं, आता मशिन गप बसंल." फोन तिनं दाराजवळ नेला असावा, कारण आवाज मोठा झाला. "घरीच हाय ना तुमी? खरं सांगा."

"घरीच आहे, भागूबाई…"

"बरं," ती म्हणाली. "मी बसते हितं. सांगत ऱ्हाते. नीट ठेवा म्हनून… दाबून ठेवा."