जाड केलं तरी मोडलं!

तिसऱ्यांदा मोडलं! तेही तीन सेकंदांत! पहिलं विमान प्लायवुडचं होतं, त्याचा पंख मोडला. दुसऱ्याला आणखी जाड प्लायवुड लावलं, तेही मोडलं. तिसऱ्याच्या पंखावर तर लोखंडी पट्टी ठोकली. दर वेळी मी मजबूत करतेय आणि दर वेळी ते आधीपेक्षा लवकर खाली येतंय. आता काय करायचं माणसानं?

मी तेजल लोहार. कराडजवळ आमचा ट्रॉल्या बनवायचा कारखाना आहे. या २०६१ साली ट्रॅक्टर बिनड्रायव्हरचे झालेत, पण त्यांच्यामागच्या उसाच्या ट्रॉल्या अजून पप्पाच बनवतात. आमच्याकडची रीत एकच, जे मोडेल ते पुढच्या वेळी दुप्पट जाड करायचं. मीही तेच करत होते.

रविवारी रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांची स्पर्धा होती. ज्याचं विमान एक मिनिट हवेत राहील, त्याला खऱ्या ग्लायडरमध्ये (इंजिन नसलेल्या विमानात) बसायला मिळणार होतं. पण अट बारा वर्षांपर्यंतचीच. जूनमध्ये मला तेरा पूर्ण होणार, म्हणजे हा शेवटचा चान्स.

"मापारी, आता दोन पट्ट्या ठोकते," मी म्हणाले. मापारी हा कारखान्यातला यंत्रमानव, आलेला माल मोजणारा.

"ठोक की. वजन किती झालं?"

"वजनाचं काय घेऊन बसलास? ते मोडतंय, मोडतंय!"

त्यानं शांतपणे विमान तळहातावर घेतलं. "पंच्याण्णव ग्रॅम. पहिलं चाळीस होतं. जड विमानाला हवेत राहायला जास्त वेग लागतो. वेगात आपटलं की जास्त मोडतं. तू मोडतं म्हणून जड करतेस, आणि जड करतेस म्हणून ते मोडतं."

मला असा संताप आला! कारण त्याचं बरोबर होतं.

"मग लोखंडापेक्षा मजबूत काय आणू? चंद्रावरनं आणू?"

मापारीनं बाल्साची (अतिशय हलक्या लाकडाची) पट्टी समोर ठेवली. मी ती बोटांनी वाकवली. कट्! "हे बघ! आणि लोखंड बघ. डोळे गेले का तुझे?"

"तू सारख्या जाडीच्या पट्ट्या ताडून बघतेयस. सारख्या वजनाच्या घे."

बाल्साची घनता (ठरावीक आकारमानात किती वस्तुमान मावतं ते) लोखंडाच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्शाइतकी असते. त्यामुळे तीन मिलिमीटर जाड बाल्साएवढ्याच वजनाची, तितकीच लांब-रुंद लोखंडी पट्टी कापली, तर ती पोळीच्या फॉइलसारखी पातळ झाली. एका टोकाला धरली तर लगेच मान टाकली तिनं. बाल्साची नवी पट्टी मात्र टोकावर खोडरबर ठेवलं तरी ताठ राहिली.

"जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो," मापारी म्हणाला. "हलक्या वस्तूला जाड व्हायला परवडतं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"तू वजन विचारलंच नाहीस."

असा वैताग आणतो ना हा!

मग त्यानं पंख वाकवून दाखवला. उडताना पंखाची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते, मधल्या भागाला फारसं काही सोसावं लागत नाही. सगळ्यात जास्त जोर पडतो तो पंख विमानाला जोडलेला असतो तिथे. म्हणून आम्ही फक्त तिथेच, वर आणि खाली, बांबूची बारीक काडी चिकटवली. बाकी सांगाडा बाल्साचा, मध्ये नुसत्या मोकळ्या जागा आणि वरून पतंगाचा कागद. एकूण वजन एकोणीस ग्रॅम.

पप्पा बघायला आले. "हे? हे तर शिंकेनं मोडेल!"

मलाही तीच धास्ती होती. पण मी दात आवळून सांगितलं, "मोडलं तर माझं मोडेल."

रविवारी मी विमान सोडलं. ते वर गेलं, डावीकडे वळलं आणि फिरतच राहिलं. घड्याळाकडे बघायचं मी विसरूनच गेले. मापारीनंच सांगितलं, "एकाहत्तर सेकंद."

महिन्याभरानं मी खऱ्या ग्लायडरजवळ उभी होते. वैमानिक ताईंनी लांबलचक पंखावर टकटक केलं. "वरचं कवच पातळ आहे, आत बरीचशी पोकळी. भीती वाटतेय का?"

"पोकळी आहे ना? मग चला लवकर," मी म्हणाले आणि पट्टा बांधला.