करंगळीएवढं पिल्लू

ट्रेमध्ये अकरा पिल्लं होती. एकही जिवंत नव्हतं.

सहावी डुकरीण पहाटे व्याली आणि वराह संशोधन केंद्रातून फोन आला तेव्हा तपासनीस बाई वाटेतच होत्या. बाई मेलेल्या जनावरांच्या डॉक्टर. खिशात सदैव स्टीलची पट्टी, म्हणून खात्यात त्यांना मोजपट्टीबाई म्हणत, पाठीमागे अर्थातच. त्यांनी पिल्लं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडली. पहिलं करंगळीएवढं, काळं, वाळून चामडं झालेलं. पुढची थोडी थोडी मोठी. शेवटची दोन अंगाने भरलेली, पाठीवर मऊ केस.

"गर्भपात," संचालक म्हणाले. "कृत्रिम रेतनाला आज पंचाहत्तर दिवस झालेत. विषाणू गर्भातच पिल्लं मारतो. आम्ही त्याच्यावरच लस तपासत होतो आणि त्या माणसाने सगळ्यावर पाणी फिरवलं."

"आधीच्या पाचांची पिल्लं?"

"जाळली. संसर्गाचा धोका."

बाईंनी डुकरिणीकडे पाहिलं. ती कुशीवर पडली होती, सडांतून दूध ओघळत होतं. मध्येच मान वळवून ती मागे हुंगायची. बाईंना ते बघवलं नाही.

तो माणूस म्हणजे मामा. अठ्ठावीस वर्षं गोठ्यात काढलेला, सगळ्या केंद्राचा मामा. पहिली डुकरीण व्याली त्याच सकाळी त्याला गोठ्याबाहेर काढलं होतं. आता तो कार्यालयाच्या बाकावर बसला होता, हातात टाइप केलेला कबुलीजबाब. संध्याकाळपर्यंत सही करायची, नोकरी सोडायची आणि आवारातली खोलीही. खोलीत ऑपरेशन झालेली बायको अंथरुणाला खिळून होती.

"काय केलंत मामा?" बाई शेजारीच बसल्या.

"जुन्या डुकरिणींखालचा पेंढा पहिलटकरणींखाली टाकला. लस टोचली त्याच दिवशी."

"का?"

"पूर्वीपासूनची रीत आहे बाई. रेतनाच्या आधी जुन्यांचा पेंढा हुंगला, चघळला, की पोरींच्या अंगात जोर येतो. मग गाभण राहिल्या की रोग त्यांना शिवत नाही. माझा नुसत्या सुईवर भरवसा नव्हता."

"गाभण असताना टाकला तर?"

"घात होईल. एवढं कळत नाही होय मला? पण गोठ्यात टांगलेल्या पाटीवर रेतनाची ठरलेली तारीख होती, दोन आठवडे पुढची."

"तेव्हा गोठ्यात कोण होतं?"

"साहेब. दारातच उभे होते, नाकाला रुमाल लावून."

"रेतन कोण करतं?"

"साहेब स्वतः. या खेपेला ठरल्या तारखेला मी यायच्या आधीच उरकलं म्हणाले. पोरींची पोटं मात्र लवकर सुटली. मी म्हटलं तसं, तर म्हणाले, पिल्लं जास्त असतील."

"तुम्ही एवढ्यात रजा घेतली होतीत?"

"बायकोच्या ऑपरेशनला. चार महिने होत आले."

बाई उठल्या आणि प्रयोगशाळेतली वीर्याच्या फ्रीजची वही घेऊन बसल्या. मग त्यांनी संचालकांना गोठ्यातच बोलावलं. मामालाही.

"साहेब, पंचाहत्तर दिवसांच्या गर्भाला केस नसतात," बाई म्हणाल्या. "हा गर्भपात नाही. ही डुकरीण पूर्ण दिवस भरून व्याली आहे. तिचं दूधच सांगतंय."

त्यांनी खिशातली पट्टी पहिल्या पिल्लाशेजारी ठेवली.

"विषाणू एका पिल्लाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून ती एकेक करून मेली आणि लहानमोठी राहिली. सगळ्यात लहान मेलं ते चाळिसाव्या दिवशी, हे माझी पट्टी सांगते. आईच्या तोंडातून पिल्लापर्यंत पोचायला विषाणूला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे तो आत शिरला सव्विसाव्या दिवसाच्या आसपास. विषाणू आला पेंढ्यातून, आणि पेंढा टाकला त्याला आज एकोणनव्वद दिवस झाले. त्यात सव्वीस मिळवा."

"एकशे पंधरा," मामा पुटपुटला. डुकरीण एकशे चौदा-पंधरा दिवसांनी विते, हे त्याला पाठ होतं.

"एकशे पंधरा दिवसांपूर्वी मामा रजेवर होते. त्या दिवशी फ्रीजमधून सहा नळ्या गेल्या. पाटीवर रेतनाची जी तारीख आहे, त्या दिवशी एकही नाही. लस रेतनाआधी द्यायची असते. ती वेळेवर आली नाही आणि साहेबांना धीर धरवला नाही. त्यांनी आधी रेतन उरकलं, मग नियम पाळल्यासारखा दिसावा म्हणून खोटी तारीख टांगली."

"प्रयोगाचं अख्खं वर्ष वाया गेलं असतं," संचालक म्हणाले. आवाज पडला होता. "पेंढा त्याने टाकला, मी नाही."

"तुम्ही दारात उभे होतात. त्या गाभण आहेत एवढंच म्हणायचं होतं. पण मग तारीख उघडी पडली असती, म्हणून तुम्ही नाकाला रुमाल लावून गप्प राहिलात. तीन दिवसांपूर्वी पाच डुकरिणींची पिल्लं जाळलीत आणि खापर फोडायला हा माणूस होताच. सहावी मी वाटेत असताना व्याली, तेवढा अंदाज चुकला."

संचालक ट्रेकडे न बघता बाहेर गेले. बाईंचा अहवाल खात्यात पोचला की त्यांची खुर्ची जाणार होती.

"फाडा तो कागद, मामा."

मामाने फाडला नाही. बाईंचं पेन मागून घेतलं, टाइप केलेल्या सगळ्या ओळी खोडल्या आणि खाली हाताने काहीतरी लिहू लागला. खूप वेळ लागला.

"पेंढा टाकायच्या आदल्या आठवड्यात सगळ्याच माजावर यायला हव्या होत्या," तो म्हणाला. "एकही आली नाही. मला दिसलं होतं ते. साहेब म्हणाले, कोवळ्या आहेत अजून. अठ्ठावीस वर्षं मी जनावर बघून काम केलं बाई, आणि त्या दिवशी पाटी बघून केलं. तेवढं तुमच्या अहवालात लावा."

"गरज नाही त्याची."

"मला आहे."

त्याने सही करून कागद त्यांच्या हातात दिला, गमबूट चढवले आणि बादलीत पाणी भरून डुकरिणीपाशी जाऊन बसला. ती अजून मागे वळून हुंगत होती.