वळणापलीकडची हाक

पटलं नाही तरी चालेल. पण यात मी एक शब्दही वाढवलेला नाही.

गेल्या वर्षीचा जून. शनिवार. मिशिगनमध्ये ग्रेलिंगजवळची एक नदी. रात्र नव्हती. संध्याकाळचे साडेआठ वाजले होते, आणि इथे जूनमध्ये तेव्हा चांगला उजेड असतो.

मी आश्लेषा. मिशिगनमध्येच ट्रॉय शहरात एका कार कंपनीत काम करते. सोबत गुरुनाथ काका होते, आमचे शेजारी. वय अडुसष्ट. ड्राय फ्लाय फिशिंग मला त्यांनीच शिकवलं. खांद्यावर पट्टे असलेली, छातीपर्यंतची रबरी पँट घालून नदीत उभं राहायचं. पिसांचा खोटा किडा पाण्यावर तरंगत सोडायचा. ट्राउट मासा तो गिळायला वर येतो.

"वळणाच्या पुढे जाऊ नकोस गं. तिथे डोह आहे," काका म्हणाले आणि माझ्या मागे, पन्नास पावलांवर थांबले.

किडे उडत होते. बेडूक ओरडत होते. ट्राउट वर आला की पाण्यावर वर्तुळ उमटायचं.

मग बेडूक थांबले...

सगळे. एकदम.

"आश्लेषा, पुढे ये गं. आज पाणी उतरलंय."

काकांचा आवाज... वळणापलीकडून.

मला वाटलं, ते झाडीतून काठाकाठाने पुढे गेले असतील. "आले काका," म्हणत मी चालायला लागले.

पाणी कमरेला लागलं.

"अजून थोडं."

पोटाला लागलं.

"अजून थोडं, बाळा."

काका मला कधीच बाळा म्हणत नाहीत. तेव्हा ते लक्षातच आलं नाही.

पुढचं पाऊल टाकलं... आणि खाली काहीच नव्हतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावरचा पट्टा धरून मला खेचलं.

गुरुनाथ काका. धापा टाकत. ओठ पांढरेफटक.

"किती हाका मारल्या तुला."

मला एकही ऐकू आली नव्हती.

वळणावर कुणी नव्हतं. हवेत एकही किडा उरला नव्हता. तरी पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. मग दुसरं, जरा अलीकडे. मग तिसरं...

आमच्याकडे येत.

"बोलू नकोस," काका कुजबुजले. "नुसती मागे सरक."

माझा गळाचा रॉड तिथेच सुटला. काठावर येईपर्यंत त्यांनी पट्टा सोडला नाही.

आम्ही गाडीत बसून घराकडे निघालो. दोन तासांनी फ्लिंट शहर आलं तेव्हा मी विचारलं, "काका, तुम्हालाही ऐकू आलं?"



"माझाच आवाज होता गं. मी तुला हाक मारायला अजून तोंडही उघडलं नव्हतं... आणि माझाच आवाज तुला बोलावत होता."

काकूंना आम्ही काही सांगितलेलं नाही. हे एवढे गप्प का झालेत, असं त्या मला दर वेळी विचारतात. काका आता कुणालाच लांबून हाक मारत नाहीत. उठून जवळ येतात, खांद्यावर हात ठेवतात, मगच बोलतात.

परवा मी बॅकयार्डमध्ये दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. कुंपणापलीकडून त्यांची हाक आली.

मी वळले नाही. खांद्यावर हात पडायची वाट बघत उभी राहिले.

बराच वेळ उभी होते...

कुणी आलं नाही.