नऊ मिलिग्रॅम

पेशी वाढवायच्या खोलीत आम्ही चपला काढल्याशिवाय कुणालाही सोडत नाही, संचालकांनाही नाही. आत पांढरे दिवे, पंचवीस अंश तापमान आणि मांडण्यांवर काचेच्या सीलबंद बशा. त्यातल्या बावीस बशा आत्याच्या. प्रयोगशाळा तिच्या हाताखाली चालते, म्हणून इथे मी तिला मॅडम म्हणते आणि घरी आत्या. रागावते ती दोन्हीकडे सारखीच.

त्या बशांत एका झाडाच्या पेशी होत्या. त्या जातीचं ते शेवटचं झाड. वादळात ते पडलं तेव्हा आत्या रडली नाही, एक डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. त्या डहाळीपासून वाढवलेले पेशींचे गोळे चौदा महिने जिवंत होते, पण ढिम्म हलत नव्हते. ना कोंब, ना मूळ. सोमवारी ही खोली बटाट्यावर काम करणाऱ्यांकडे जायची होती. म्हणजे आमच्या बशा वाफेच्या भट्टीत.

"लॅन्थॅनम देऊन बघू," आत्या म्हणाली. "बुडत्याला काडीचा आधार."

लॅन्थॅनम हे दुर्मिळ मृदा मूलद्रव्य. त्याचं काम मिठासारखं. चिमूटभर पडलं तर पेशी तरतरीत होते, मूठभर पडलं तर ते कॅल्शियमच्या वाटाच अडवून बसतं आणि पेशी मरते. आत्याने चिठ्ठीवर लिहिलं: लिटरला १ मिलिग्रॅम.

पेशींच्या खाद्यात ते मिसळून बशा पुन्हा सील केल्या आमच्या नव्या सहायक काकांनी. त्यांना सगळे काटेकोर म्हणतात, कारण काट्यावर तोलल्याशिवाय ते हसतसुद्धा नाहीत. पाचव्या दिवशी त्यांची वही पाहिली आणि मी आत्याची चिठ्ठी शोधून शेजारी धरली. आत्याचा मराठी एक त्यांनी इंग्रजी नऊ वाचला होता.

"काका, हा एक आहे हो!"

"वर गाठ, खाली शेपटी. नऊच की, ताई."

बावीसच्या बावीस गोळे तपकिरी पडले होते. त्या नवाने माझ्या नाकी नऊ आणले. आत्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

शुक्रवारी सकाळी काटेकोर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, बशा जड झाल्यात. प्रत्येकी तीन ग्रॅमने."

"काटा बिघडला असेल."

"तीन काट्यांवर तोलल्या. सील जसंच्या तसं आहे. वजन आलं कुठून?"

मी आत गेले. तिथली हवा गाळून येते, तिला कधीच कसला वास नसतो. त्या दिवशी ओल्या लाकडाचा होता.

शनिवारी कोंब आले. सगळ्या बशांत, एकाच सकाळी, त्या करपल्या गोळ्यांमधून. आत्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा रडली, आणि मग मीही. नवाची गोष्ट तेव्हा सांगून टाकली. ती रडता रडता म्हणाली, "मूर्ख आहात दोघं."

कारण शोधायला मी एका गोळ्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

आत वलयं होती, खोडात असतात तशी. पेशींच्या गोळ्यात वलयं नसतात.

पडलेल्या खोडाची चकती कपाटात होती. तिच्यात चौसष्ट वलयं, सतरावं दुष्काळातलं, अगदी अरुंद. कापातही सतरावं अरुंद होतं. चकतीतल्या तेविसाव्यावरची खोचही कापात तशीच होती.

चौसष्ट झाली. मी थांबले नाही, कारण वलयं थांबली नव्हती.

पासष्ट, म्हणजे यंदाचं. ऐंशी. शंभर. रुंद, पाण्याने भरलेली, चांगल्या वर्षांची. एकशे तिसापुढे मला मोजवेना.

दाराशी आत्या उभी होती. "जगेल ना गं?"

"जगेल," मी म्हणाले. "आपल्यापेक्षा जास्त. फक्त पुढच्या वर्षी पाणी जपून ठेवायला हवं."

"का?"

मी भिंगातून पुन्हा पाहिलं. सहासष्टावं वलय केसाएवढं बारीक होतं आणि एका बाजूने जळलेलं.