गिटारवरचा हिरवा डाग

“प्राचे, पळत ये! गिटारीत मुंग्या चालल्यात!”

शिवम ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पालथा पडून ओरडत होता. प्राचीने झाडणं थांबवलं नाही.

“भवानीनगरात मुंग्या कुठं नसतात? साखर कारखान्याचं गाव हाय आपलं. तुझ्या दप्तरात बी असतील!”

“अगं, पण गिटारीत काय साखर हाय का?”

आता मात्र ती वाकली. वायर खोचायच्या भोकातून मुंग्यांची रांगच्या रांग आत शिरत होती!

दिवाळीची सुट्टी, पाडव्याची सकाळ. संध्याकाळी देवळापुढे गावच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. ऑर्केस्ट्राचे सर्वेसर्वा विजयसिंहकाका. त्यांनीच या बहीणभावाला शेड झाडायला जुंपलं होतं. गिटार गावाची होती आणि तिला नुकताच गोकुळदादाच्या गॅरेजात रंग बदलणारा रंग मारून आणला होता. समोरून हिरवीगार, जरा कलती केली की जांभळी! शिवमने तिचं नाव ठेवलं होतं ‘सरडा’.

ती वाजवणार होती त्यांची मैत्रीण स्वरूपा. उन्हाळ्यापासून बोटं सोलवटून शिकली होती. पण काल तालमीत तिने वायर जोडली आणि गिटारमधून आवाजच येईना!

“पाडलीस न्हवं?” काका सगळ्यांसमोर कडाडले. “ह्या पोरीनं परत गिटारीला हात लावायचा न्हाय!”

ती ‘न्हाय, न्हाय’ म्हणत राहिली. तिचे वडील कुंडलिकतात्या तिथंच उभे होते. पोरीला एका शब्दाने न विचारता त्यांनी काकांपुढे हात जोडले. “पोर हाय, चुकली.” मोठ्या माणसांचं हे बरं असतं, विचारायचे कष्ट म्हणून घेत नाहीत.

आता मुंग्या बघून प्राची आणि शिवम धावतच स्वरूपाच्या घरी गेले. सणासुदीचा दिवस, पण ती मागच्या दारात अंघोळ न करता बसली होती.

“खरं सांग, पाडली न्हाईस ना?” प्राचीने विचारलं.

स्वरूपाने मान वर केली. “तू पण?”

शिवमनेच बाजू सावरली. “ते ऱ्हाऊ दे गं! मुंग्या बघायला चल!”

शेडमध्ये आल्यावर स्वरूपाने गिटार दारातल्या उजेडात धरली आणि हळूहळू कलती केली. हिरवी गिटार जांभळी झाली. सगळी झाली, पण वायरच्या भोकाशेजारी रुपयाएवढा डाग हिरवाच राहिला!

“ह्यो फिरत न्हाय,” ती पुटपुटली. “गोकुळदादा रंगवायचा तवा मी रोज बघायला जायची. आधी सगळी काळी केली, मग वरनं ह्यो रंग. खाली काळं नसलं की ह्याचा खेळच व्हत न्हाय. हितं कुणीतरी घाईत नुसतं हिरवं फासलंय!”

“म्हंजी हितला टवका उडाला हुता!” शिवम म्हणाला.

“आन् रंगवल्यापास्नं मी काल पयल्यांदा हातात घेतली. तवाच ती मुकी हुती. मग डाग रंगवला कवा आन् कुणी?”

प्राचीने पाना-पेटीतून स्क्रूड्रायव्हर आणला. मागचं झाकण उघडलं. आत सगळं चिकट, मुंग्याच मुंग्या! आणि एका तारेला अडकलेला नारळाच्या शेंडीचा धागा, कुंकवाने लाल झालेला.

“धनत्रयोदशीची पूजा!” प्राची किंचाळली. “काका काय बी नवं आणलं की नारळ फोडतात!”

“ऑर्केस्ट्राच्या नव्या मिक्सरपुढं बी फोडला हुता!” शिवमला आठवलं.

स्वरूपाने कोरड्या फडक्याने आतलं पुसून घेतलं आणि गिटार उन्हात ठेवली. दुपारी वायर जोडली तेव्हा ती आधी खरखरली, मग चक्क बोलू लागली! शिवमने उडी मारली. स्वरूपा हसली नाही.

“काका म्हणतील, पोरांनीच शेंडी घातली,” ती म्हणाली.

“ते माझ्यावर सोड,” शिवम म्हणाला. “सल्ला मागितला की मोठ्या माणसांना गप बसवत न्हाय!”

संध्याकाळी देवळापुढे माणसं जमली. गावचे वडीलधारे महिपतीआबा पुढच्याच खुर्चीत बसले होते. शिवमने मोठ्याने विचारलं, “काका, सायकलची पूजा करायचीय! नारळ सायकलीवरच फोडू का?”

“अरे खुळ्या! लांब दगड ठीव, त्यावर फोड. वस्तूजवळ फोडला की निसटतो, टवका उडतो, पाणी पार आत जातं! परवाच...”

काका थांबले, पण उशीर झाला होता.

“परवाच काय, विजयसिंहराव?” महिपतीआबांनी विचारलं.

प्राचीने गिटार उतरत्या उन्हात धरली, कलती केली आणि तो हिरवा डाग दाखवला. तळहातावरचा लाल धागा दाखवला. सगळं सांगितलं.

काकांनी डोकं खाजवलं आणि हसले. “निसटला खरा, मग टवक्यावर रंग फासला! माणसाच्या हातनं व्हतं कधी कधी.”

आणि सगळे हसले! प्राचीचे कान तापले. काल हेच वाक्य स्वरूपासाठी एकालाही सुचलं नव्हतं.

“शाब्बास पोरांनो!” आबांनी प्राची आणि शिवमची पाठ थोपटली. “पोलिसात जावा तुमी!” कोणीतरी त्यांच्या हातावर लाडू ठेवले. कुंडलिकतात्या छाती फुगवून पुढे आले. “मला म्हाईतच हुतं! माझी पोर असलं करणारच न्हाय!”

“मग काल का न्हाय बोललात, तात्या?” स्वरूपाने विचारलं.

तात्या आपल्या चपलांकडे बघू लागले.

“बरं बरं, सणाच्या दिवशी नको,” आबा म्हणाले. “घे गं गिटार. वाजीव!”

स्वरूपा गिटार घेऊन स्टेजवर चढली. आता वाजवणार, असं प्राचीला वाटलं! पण तिने गिटार स्टँडवर ठेवली आणि थोडी थोडी फिरवत नेली. सगळी जांभळी होऊन हिरवा डाग लोकांसमोर आला तेव्हाच ती थांबली. मग खाली उतरली आणि घराकडे चालू लागली.

प्राची धावत सुटली. “स्वरूपा, थांब! मी... मी तुला तसं विचारायला नको हुतं.”

“व्हय,” स्वरूपा म्हणाली. “नको हुतं.” आणि ती पुढे गेली.

मागे माइकवरून प्राचीचं आणि शिवमचं नाव पुकारत होते. टाळ्या वाजल्या. प्राचीच्या मुठीत लाडवाचा भुगा झाला होता.