पळीभर तीर्थ

सत्यनारायणाची आरती झाली आणि गुरुजींनी वामन टिपणिसांच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. बारा आठवडे या घरात त्यांना पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. त्यांच्या पत्नीने, उषाताईंनी, पेलेसुद्धा कपाटात कुलूप लावून ठेवले होते. पण तीर्थातही पाणीच असतं, हे जमलेल्या चाळीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. वामनराव ते प्यायले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

त्यांच्या गळ्यातली बोलकी पट्टी लाल झाली. "गिळणं चुकलं," ती बोलली. "थेंब फुप्फुसात."

"अहो, पण ठसका कुठे लागला?" उषाताई म्हणाल्या.

तेच तर दुखणं होतं. फुप्फुसं बदलताना हृदय सतत दिसत राहावं म्हणून डॉक्टरांनी चित्रण करणारी नळी घशातून अन्ननलिकेत, थेट हृदयाच्या मागे सोडली होती. नऊ तास. हृदयाची चित्रं सुरेख आली; घसा मात्र तेव्हापासून बधिर. चुकीच्या वाटेने काही गेलं तरी त्याला पत्ता नसे. म्हणून जेवण पोटातल्या नळीने, आणि पहाऱ्याला ही पट्टी.

लगेच फोन वाजला. नव्या कायद्याने अवयवाची खुशाली दात्याच्या घरीही कळत असे. पलीकडे बार्शीच्या सुलाबाई होत्या, दात्याची आई.

"काय पाजलं वो माझ्या लेकराला?"

"तीर्थ," वामनराव ओशाळून म्हणाले.

"देवाचं असलं म्हनून काय झालं? त्याला पवायला येत न्हवतं वो!"

शरीराने परकी फुप्फुसं झिडकारू नयेत म्हणून वामनरावांची प्रतिकारशक्ती औषधांनी निजवून ठेवलेली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, डाव्या फुप्फुसावर डाग दिसला. औषध लागू पडतंय की नाही, ते उद्या कळणार होतं.

सुलाबाई एसटीने आल्या. उषाताईंनी खाटेजवळचं स्टूल त्यांना दिलं. त्यांनी कुणाला न विचारता वामनरावांच्या छातीला कान लावला. आधी उजवीकडे, मग डावीकडे, बराच वेळ.

"ह्या अंगाला दमलाय," त्या म्हणाल्या.

"माफ करा, बाई. मला नको म्हणता आलं नाही."

"देवाम्होरं कोन म्हनतंय!" सुलाबाईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं. मग हळूच म्हणाल्या, "दादा, एक इचारू? त्याचं सुतक म्या तेरा दिस धरलंय. आता ह्यो बी गेला, तर परत धरायचं का?"