पूजेतले पाच लॅपटॉप

फोनवर बलभीम सरांनी साधा नमस्कारसुद्धा घातला नाही. येडशीच्या शाळेचे मुख्याध्यापक ते. प्रिंटर बिघडलाय, उद्यापासून सहामाही परीक्षा, एकही प्रश्नपत्रिका छापलेली नाही, ताबडतोब या म्हणाले. गरज यांची आणि तोरा बघा! वाशीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बंद करून राजेश्वरी तरी निघाली.

शाळा तिच्या ओळखीची होती. गेल्या वर्षी इथला एक जळका लॅपटॉप तिनंच मोडीत काढून, झाकणाच्या कोपऱ्यात लाल नेलपॉलिशनं खूण करून कपाटात टाकला होता.

ऑफिसात प्रिंटर चालू होता, पण वेड लागल्यागत. भूगोलाची प्रश्नपत्रिका मागितली की पानंच्या पानं नुसत्या खुणाखुणांची. टेबलावर सरांनी हातानं लिहिलेला कागद होता. कंत्राटी लिपिक ज्ञानेश्वरी यांना आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. सही तेवढी बाकी होती. ज्ञानेश्वरी भिंतीला चिकटून उभी होती. सात वर्षांची नोकरी, आणि घरात कमावणारी ती एकटी.

"तीनदा ड्रायव्हर टाकला म्हणते," सर म्हणाले. "कुठाय?"

संगणक शिक्षक रणधीर सर दाराला टेकून हसत होते. ज्याला शाळेच्या संगणकांवरचं लिनक्स जमत नाही त्यानं जागा अडवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मेहुण्याचा याच जागेसाठीचा अर्ज बलभीम सरांच्या खणात पडलाय, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

राजेश्वरी कुणाशी न बोलता संगणकापुढं बसली. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, होता. अगदी बरोबर होता. पण संगणकात प्रिंटरची जी नोंद असते, ती भलत्याच मॉडेलच्या ड्रायव्हरला जोडलेली. नवा खुंटा ठोकला खरा, म्हैस मात्र जुन्याच खुंट्याला. नोंदही बदलावी लागते, हे ज्ञानेश्वरीला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग ही भलती जोडणी केली कुणी? लिनक्स सगळं लिहून ठेवतं. तिनं संगणकातली ती नोंदवही उघडली. खंडेनवमी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. बरोबर ड्रायव्हर काढला, दुसरा टाकला, नोंद बदलली. आणि हे करणारं खातं होतं ज्ञानेश्वरीचं.

"झालं मग," म्हणत सरांनी पेनाचं टोपण काढलं.

राजेश्वरीनं कागदावर हात ठेवला. मदतीला आली आणि पोरीच्या पोटावर आपणच पाय दिला की काय!

"थांबा सर. ज्ञानेश्वरी, तुझा पासवर्ड कुणी दिला?"

"रणधीर सरांनीच. खातं त्यांनीच उघडून दिलं."

"कधी बदललास?"

"न्हाय बदलला."

राजेश्वरीनं नोंदवही आणखी खाली नेली. हे काम ऑफिसात बसून झालंच नव्हतं. शाळेच्या वायफायवरून दुसऱ्या यंत्रानं आत शिरून झालं होतं, आणि ते यंत्र लॅबचा पाच नंबरचा लॅपटॉप होतं. तो रणधीर सरांकडं असतो.

रणधीर सरांचं हसू हललं नाही. "खंडेनवमीला हत्याराला कोण हात लावतं? पाचही लॅपटॉप सकाळपासून देवीपुढं मांडलेले. दसऱ्यालाच उचलले. वायफाय हिच्या घरापर्यंत पोचतंय, भिंतीला भिंत आहे. यंत्राचं नाव काय, कुणीबी खोटं घालतं."

त्यांनी मोबाइलवर पूजेचा फोटो उघडून बलभीम सरांच्या नाकापुढं धरला. ओळीनं पाच लॅपटॉप, सगळे एकाच रंगाचे. झेंडूची फुलं, प्रत्येक झाकणावर कुंकवाची पाच बोटं, शेवटच्याच्या कोपऱ्यात छोटी लाल फुली. खाली तारीख खंडेनवमीची, वेळ दुपारी पावणेदोनची.

सर म्हणाले, "पाच आहेत. मोजा."

राजेश्वरीनं मोजले नाहीत. फोटो मोठा केला आणि शिपाई प्रेमाबाईंना बोलावलं.

"मावशी, पूजा कुणी केली?"

"म्या केली. आंघूळ करून, सोताच्या हातानं."

"झाकणावर काय काय काढलं?"

"पाच बोटं वढली. दुसरं काय काढायचं?"

"फुली?"

"आगं बया! देवीपुढं फुली कोण मारतंय? अशुभ असतंय ते."

"आरतीनंतर कोण थांबलं?"

"ज्ञानेश्वरीबाई गेल्या. म्याबी गेले. रणधीर सरच थांबले, राखणीला म्हणून. कपाटाची चावीबी त्यांच्याकडंच असती."

राजेश्वरी उठली. रणधीर सरांकडं न बघता ती बलभीम सरांशी बोलली.

"सर, ही फुली कुंकवाची नाही, माझ्या नेलपॉलिशची आहे. मोडीत काढताना मीच मारली. हा लॅपटॉप गेल्या वर्षी मेलाय, तो सुरूसुद्धा होत नाही. कपाटातून तो काढून देवीपुढं मांडला म्हणून मोजणी पाच भरली. खरा पाच नंबर तेव्हा ज्याच्या मांडीवर होता, त्यानं स्वतःच दिलेल्या पासवर्डनं ज्ञानेश्वरीच्या खात्यात शिरून ड्रायव्हर बदलला. खंडेनवमीला यंत्राला कुणी हात लावत नाही, या तुमच्या भरवशावर. कपाट उघडा. कुंकवासकट सापडेल."

कपाटाची चावी रणधीर सरांच्या खिशात होती. ती त्यांनी लवकर काढली नाही. प्रेमाबाईंनी हात पुढं केला. "देवीला मेलेलं हत्यार दिलंत व्हय सर?" रणधीर सरांनी चावी त्यांच्या हातावर ठेवली. कपाट उघडलं. लॅपटॉप होता, कुंकवाची बोटंही होती.

राजेश्वरीनं प्रिंटरची नोंद बदलली. दोन मिनिटांत भूगोलाची प्रश्नपत्रिका स्वच्छ बाहेर आली. बलभीम सरांनी खाकरून घसा साफ केला. ज्ञानेश्वरीची माफी वगैरे काही मागितली नाही.

"ज्ञानेश्वरी, बस. रणधीर सरांच्या नावानं नोटीस टाइप कर आणि छाप."

ज्ञानेश्वरी बसली. आधी तिनं पासवर्ड बदलला. मग टेबलावरचा बिनसहीचा कागद उचलून सरांपुढं पालथा ठेवला, कोरी बाजू वर करून.

"प्रिंटर प्रश्नपत्रिकांत गुंतलाय सर," ती म्हणाली. "हातानंच लिहा. माझी लिहिली होती तशी."